निर्वंश शाखेच्या नेरकरबाई

सुरतेच्या मराठी शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी नेरकरबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो शिक्षणाचा नव्हता की गावाचा नव्हता. मी खुर्चीवर नीट टेकायच्या आत त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या आईचं नाव काय गं?"

"द्वारका," मी सांगितलं.

"ते सासरचं. माहेरचं?"

मला माहीत नव्हतं. तेवीस वर्षांची होते, पदवी होती, पुण्याहून बी.टी. करून आले होते आणि आपल्या आजीचं खरं नाव मला माहीत नव्हतं. नेरकरबाई समोर बसलेल्या सगळ्या शिक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिला पेशव्यांची नावं ओळीने येतील बघा." मला ती खरंच येत होती. त्याच रात्री आईला पत्र टाकलं. आईचं उलट टपाली उत्तर आलं की आजीचं माहेरचं नाव 'ठकी' होतं आणि हे आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं.

नेरकरबाई तेव्हा पंचावन्नच्या आसपास होत्या. लग्न केलेलं नव्हतं. आईचं शेवटपर्यंत केलं आणि मग सगरामपुऱ्यातल्या दोन खोल्यांत एकट्याच राहिल्या. उंची जेमतेम पाच फूट. चालणं असं, की बरोबर चालणाऱ्याला अधूनमधून पळावं लागे. बोलताना मध्येच थांबून समोरच्याचा दंड धरायच्या आणि म्हणायच्या, "ऐक, आता गंमत ऐक." ही गंमत कधी कधी पाऊण तास चाले. त्यांच्या पदराला कायम खडूची भुकटी आणि तर्जनीला शाई. चहा बशीत ओतून घ्यायच्या, पण बोलण्याच्या नादात बशी हातातच राही आणि निवलेला चहा शेवटी एका घोटात संपे.

त्या इतिहास शिकवायच्या. सुरतेत राहून मराठी मुलांना सुरतेची लूट शिकवणं सोपं काम नव्हतं, कारण शाळेचा शिपाई, डाक्तर, दूधवाला, सगळेच सुरती. तो धडा आला की बाई वर्गाची खिडकी उघडायच्या आणि हात करून दाखवायच्या, "इकडून आले. त्या दिशेला वखार. आणि घाबरून पळाले त्यांत तुमच्या आत्ताच्या शेजाऱ्यांचे पूर्वज. म्हणून आज घरी जाताना शेजारच्या काकींना नमस्कार करायचा." दारात उभा असलेला शिपाई छगनभाई विचारी, "बेन, आजे पाछी लूट?" बाई म्हणत, "हां छगनभाई, घरे जईने ताळुं मारो." सगळा वर्ग हसे.

तापीला मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी बाईंच्या नावाने शाळेत एक पार्सल आलं. मधली सुट्टी होती. बाईंनी दोरा दातांनी तोडला. आत एक जाडजूड पुस्तक होतं, आमोदकर घराण्याचा कुलवृत्तांत. आमोदकर हे बाईंच्या आईचं माहेर. खानदेशातलं मोठं घराणं. त्यांच्या मंडळाने सगळ्या शाखांची माहिती गोळा करून वंशावळ छापली होती. दोन वर्षांपूर्वी बाईंनीही त्यांना आपल्या आजीची चार पानं माहिती पाठवली होती, सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत.

त्यांनी अनुक्रमणिका चाळली, पान काढलं आणि बोट एका ओळीवर ठेवलं. मी शेजारीच होते. त्या ओळीत एवढंच होतं: 'माधव. पत्नी भागीरथी. निर्वंश.'

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग हसू लागल्या. अंग हलेपर्यंत हसल्या. मग उभ्या राहून सगळ्यांना म्हणाल्या, "मंडळी, तुमच्यासमोर जी बाई उभी आहे ती नाहीच आहे. छापून आलंय."

छगनभाईने विचारलं, "निर्वंश एटले शुं, बेन?"

"एटले," बाई म्हणाल्या, "मारी नानीने कोई छोकरुं ज नहोतुं."

"तो तमे?"

"एज तो," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला घरी नेलं आणि भागीरथीची गोष्ट सांगितली. तोवर तुटक तुटक ऐकली होती, सलग पहिल्यांदाच.

भागीरथी ही बाईंची आजी. नंदुरबारकडच्या एका गावात आमोदकरांच्या घरी दिलेली. पंचविशीच्या आत विधवा झाली, पदरात दोन मुली. थोरली रुक्मिणी, सात वर्षांची. तीच पुढे नेरकरबाईंची आई. धाकटी गोदावरी, चार वर्षांची. घरात थोरले दीर कर्ते. भागीरथीला त्या घरात राबून आयुष्य काढायचं नव्हतं. गावात आलेल्या एका मिशनच्या बाईने तिला सांगितलं की सुरतेला दवाखान्यात सुईणीचं काम शिकवतात, राहायला जागा देतात. नव्याने सुरू झालेल्या तापी खोऱ्याच्या गाडीने जाता येत होतं. भागीरथीने दिरांना विचारलं. ते म्हणाले, जायचं तर जा, पण धाकटी इथे राहील. म्हणजे तू परत येशील.

"तुझी आई असती तर काय केलं असतं?" बाईंनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सांगू लागल्या. भागीरथी थोरलीला घेऊन गेली. दोन वर्षांत शिकून परत धाकटीला न्यायला आली, तर दिरांनी घरात पाऊल टाकू दिलं नाही. आमच्या घरची विधवा सुईणीचं काम करते म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा आली. तिसऱ्या वेळी होळीच्या सुमाराला आली तेव्हा तिला गावाच्या वेशीवरच अडवलं. तेव्हा गोदावरी आठ वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं.

"त्या वेळी माझी आई बरोबर होती," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांची. गावाबाहेरच्या विहिरीवर गोदी पाणी भरायला येते असं कोणी तरी सांगितलं, म्हणून दोघी विहिरीजवळ थांबल्या. गोदी आली. आजीने तिच्या गळ्यात साखरेच्या गाठींची माळ घातली. तेवढ्यात गोदीची काकू आली आणि मुलीला ओढत घेऊन गेली. त्यानंतर माझ्या आईने बहिणीचं तोंड पाहिलं नाही. आजीने मुलीचं पाहिलं नाही."

बाई उठून खिडकीशी गेल्या. बाहेर घोडागाडीवाला घोड्याला पाणी पाजत होता. तिथूनच म्हणाल्या, "गोदी जगली असेल तर सत्तरीच्या पुढे असेल. तिला मुलं असतील, नातवंडं असतील. आणि हे पुस्तकवाले म्हणतात, निर्वंश."

त्यांनी मंडळाच्या चिटणिसांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, अगदी सभ्य: 'कन्यांचा वंश घेण्याची पद्धत नाही.' बाईंनी पोस्टकार्डावर एकाच वाक्याचं उत्तर पाठवलं: 'आपला जन्म कोणत्या पद्धतीने झाला ते कळवावे.' त्यावर काहीच आलं नाही.

मग बाईंनी ठरवलं की गोदावरी शोधायची. सुरतेत बसून खानदेशातली बाई शोधणं हे तेव्हा वाटतं तितकं वेड्यासारखं नव्हतं. यंत्रमागावर काम करायला खानदेशची कुटुंबंच्या कुटुंबं सुरतेला येत होती. उधना, कतारगाम, लिंबायत, जिथे माग तिथे अहिराणी ऐकू यायची. रविवार आला की बाई छत्री घेऊन निघायच्या. बरोबर मी. चाळींत शिरायचं, नळावरच्या बायकांशी गप्पा मारायच्या, गाव विचारायचं, माहेर विचारायचं, आजीचं नाव विचारायचं.

अडचण एवढीच होती की लग्नात नाव बदलतं. "पुरुष सापडतो," बाई म्हणायच्या, "तो जन्मला तिथेच त्याच नावाने असतो. बाईचं गाव बदललं, आडनाव बदललं, नावही बदललं. शोधायची ती काय म्हणून?" पण त्यांचा उत्साह कमी होत नसे. एखाद्या बाईने सांगितलं की आमच्या गावी एक म्हातारी आहे, तर बाई तिथल्या तिथे वहीत लिहून घ्यायच्या आणि परतीच्या वाटेवर जवळजवळ उड्या मारत चालायच्या. चार महिन्यांत आम्ही सात म्हाताऱ्या शोधल्या. सातही दुसऱ्याच कोणीतरी निघाल्या. पण प्रत्येकीची गोष्ट ऐकायला बाई तासभर बसायच्या आणि निघताना म्हणायच्या, "ही आपली नाही, पण काय बाई आहे."

मग पालकसभेला यमुनाबाई आल्या. सहावीतल्या एका मुलीची आई, नवरा मागावर. निकालपत्र घेऊन जाताना नेरकरबाईंनी सवयीप्रमाणे त्यांना विचारलं, गाव कोणतं, तिथे कोणी खूप म्हातारी बाई आहे का.

यमुनाबाई म्हणाल्या, "आमना गावमा एक आजी शे. तिले समदा सुरतवाली म्हनतस."

"का? सुरतेची आहे का?"

"नही वो. सुरत तिनी देखेलच नही. तिनी माय सुरतले पळी गई व्हती म्हने. म्हनीसन."

बाईंच्या हातातली निकालपत्रं खाली पडली. मी ती गोळा केली. बाईंनी यमुनाबाईंचे दोन्ही दंड धरले होते आणि त्यांना काही बोलता येत नव्हतं, आणि नेरकरबाईंना बोलता येत नाही हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्याच रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. एका पिशवीत सुरती घारीची मिठाई, दुसऱ्या पिशवीत रुक्मिणीबाईंचा, म्हणजे त्यांच्या आईचा फोटो. नंदुरबारला उतरून मोटारीने, मग बैलगाडीने. बाई सगळ्या वाटेवर बोलत होत्या. मावशीला काय सांगायचं, कसं सांगायचं, आधी फोटो दाखवायचा की आधी नाव सांगायचं. गाडीवानाला सुद्धा त्यांनी सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "ती म्हतारी कठीन शे, बाई."

गावात ती पारबता या नावाने राहत होती. ओट्यावर बसून तूर निवडत होती. उंच, ताठ, रंगाने काळीसावळी, कपाळ मोठं. बाई समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, मी तुमच्या बहिणीची मुलगी. रुक्मिणीची."

म्हातारीने वर पाहिलं. मग सुपाकडे पाहिलं. "माले बहीन नही," ती म्हणाली.

"तुमचं नाव गोदावरी ना?"

"मन्हं नाव पारबता."

बाई ओट्याच्या कडेवर बसल्या. फोटो काढला. म्हातारीने तो हातात घेतला नाही. ती म्हणाली, "मन्ही माय माले टाकी गई. बहीनले लई गई. माले टाकी गई. आते सत्तर वरीसवर कोन येस?"

मी बाईंकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पडला होता. वाटेवर तयार केलेलं सगळं भाषण कुठेतरी गेलं होतं. मग त्यांनी हळू आवाजात, शाळेत कधी बोलत नसत अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली. तीन वेळा आली होती. दोनदा दारातून परत पाठवलं. तिसऱ्यांदा वेशीवर. आणि मग विहिरीवरची गोष्ट. साखरेच्या गाठींची माळ. काकूने ओढून नेलं ते.

म्हातारीचे हात सुपात थांबले. मग तिने तूर पुन्हा निवडायला घेतली आणि म्हणाली, "च्या पी आनि जाय. गाडी चुकी."

आम्ही चहा घेतला आणि आलो. परतीच्या गाडीत बाईंनी घारी पिशवीत तशीच ठेवली. नवापूर गेल्यावर त्या फक्त एवढं म्हणाल्या, "सुलभा, मी चार महिने आनंदात होते. तिच्या सत्तर वर्षांचा मी विचारच केला नाही." बाहेर शेतं मागे जात होती.

त्यानंतर पंधरा दिवस बाईंनी रविवारी कुठे जायचं नाव काढलं नाही. वर्गात शिकवायच्या, पण खिडकी उघडायच्या नाहीत. पुस्तक कपाटाच्या वर टाकून दिलं.

सोळाव्या दिवशी, मंगळवारी, तिसऱ्या तासाला, छगनभाई धावत शिक्षकखोलीत आला. "बेन, कोई डोशी आवी छे. मराठी बोलती नथी, बीजुं कांई बोले छे."

फाटकात ती उभी होती. हातात काठी, काखेत गाठोडं. बरोबर तिचा नातू मोतीलाल, उधन्याला मागावर काम करणारा, सुट्टीत गावी गेलेला, आता घाबरलेला. तो मला म्हणाला, "काल सकाळी उठी आनि म्हने, सुरतले चाल. गाडीत कधी बसेल नव्हती. सगळ्या वाटेवर माझा हात धरीसन बसली."

"ती मास्तरीन कोठे शे?" म्हातारी विचारत होती.

नेरकरबाई आठवीच्या वर्गातून आल्या. हातात खडू होता. मधल्या मैदानात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सगळ्या वर्गांच्या खिडक्यांत मुलं.

म्हातारी म्हणाली, "ते हारकडं. साखरनं." तिने आपल्या गळ्याला हात लावला. "माले काकू म्हने, ते भूतनीनी दिनं. खाशी ते मरशी. मी ते फेकी दिनं." मग थोडं थांबून, "मन्ही माय व्हती ती?"

"हो," बाई म्हणाल्या.

म्हातारीने मैदानाच्या मधोमध फतकल मारली आणि पदर तोंडाला लावला. नेरकरबाई तिच्याजवळ खाली बसल्या, खडूसकट. हेडमास्तर बाहेर आले, त्यांनी पाहिलं आणि आत जाऊन घंटा वाजवायला सांगितली. शाळा त्या दिवशी लवकर सुटली.

म्हातारीला एकच हवं होतं. आपली आई कुठे राहत होती, काय करत होती, ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली, माझीही टाकायला लावली, आणि आम्ही घोडागाडी केली. आधी दवाखान्याची जागा दाखवली. मग आजी राहायची ती खोली, तिथे आता एक जरीवाला राहत होता. म्हातारी बाहेरूनच पाहत होती. आत जा म्हटलं तर नको म्हणाली. आईला आपली आठवण येत होती का, हा प्रश्न तिला विचारता येत नव्हता, हे मला कळत होतं.

मग कतारगाम. तिथल्या फळियात, म्हणजे गल्लीत, भागीरथीने तीस वर्षं बाळंतपणं केली होती. लोक तिला 'दक्षिणी दाई' म्हणत. बाईंच्या ओळखीचं एक पटेलांचं घर होतं. पुढच्या पडवीत हिरे घासायच्या चाकाचा, तिथल्या भाषेत घंटीचा, आवाज, मागे परसात एक म्हातारी बेन बसलेली. साठीच्या थोडी पुढची, गोल, हसरी. आत बोलावून तिने पाणी दिलं. नेरकरबाईंनी सांगितलं, ही दक्षिणी दाईची धाकटी मुलगी.

ती बेन उठून उभी राहिली. तिने म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. मग ती गुजरातीत बोलू लागली आणि नेरकरबाई एकेक वाक्य मराठीत सांगू लागल्या. ती म्हणाली, दाईमाचा एक हट्ट होता. पहिली मुलगी झाली तर काही नाही, आपलं काम करून जायची. पण दुसरीही मुलगी झाली, घरातले तोंड पाडून बसले, की ती जायची नाही. खाटेजवळ बसून राहायची. आई त्या मुलीला छातीशी घेईपर्यंत बसायची. कधी रात्र व्हायची, कधी दुसरा दिवस. सासू ओरडली तरी उठायची नाही. आणि मग म्हणायची, हिचं नाव मी ठेवणार.

"शुं नाम?" नेरकरबाईंनी विचारलं.

"लो, खबर नथी?" ती बेन म्हणाली. "मारुं नाम गोदावरी. हुं बीजी दीकरी. आ फळियामां अमे चार गोदावरी छीए. पेला फळियामां बे."

नेरकरबाईंना मराठीत सांगायची गरज पडली नाही. म्हातारीला नाव कळलं होतं. बेनने शेजारच्या दोघींना हाका मारल्या. "गोदी, ए गोदी, आव अहीं." एक म्हातारी आली, मग दुसरी. चौथी गेल्या वर्षी वारली होती, तिची मुलगी आली. त्या सगळ्या पारबताबाईभोवती उभ्या राहिल्या. आपल्या आईने सांगितलेलं, आपण ऐकलेलं, एकेक करून सांगू लागल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या. घंटी थांबली, घासणारे कारागीर येऊन दारात उभे राहिले.

म्हातारी त्या चौघींच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी ती पहिलीला म्हणाली, "मी बी गोदावरी." साठ वर्षांत ते नाव तिने तोंडाने उच्चारलं नसेल.

नेरकरबाई परसाच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. परतताना रस्त्यात त्या मला म्हणाल्या, "मी आजीजवळ वीस वर्षं राहिले. बाहेरच्या घरातलं घरी बोलायचं नाही हा तिचा नियम होता. मी सगळ्या जगाला नावं विचारत फिरले आणि कतारगामात इतक्या गोदावरी कशा, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही." आणि मग, त्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी माझा दंड धरला. "ऐक, आता गंमत ऐक. मावशीला सहा मुलं. नातवंडं एकोणीस. निर्वंश म्हणे."

मावशी आठ दिवस बाईंच्या दोन खोल्यांत राहिली. रोज शाळेत यायची, मैदानाच्या कडेला चिंचेखाली बसायची, मुलींना अहिराणीत बोलायला लावायची. जाताना बाईंनी तिला कुलवृत्तांत दाखवला, ती ओळ वाचून दाखवली. मावशी म्हणाली, "लिखेल राहू दे. मी मरेल शे का?" बाईंनी ती ओळ पुसली नाही, पण खाली शाईने नातवंडांची एकोणीस नावं लिहिली, मुलींची आधी. पुस्तक शाळेच्या वाचनालयात ठेवलं. चिटणिसांना पुन्हा पत्र पाठवलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत माझं लग्न झालं आणि मी बडोद्याला गेले. बाईंची पत्रं यायची, पोस्टकार्डाच्या चारही कडांना लिहिलेली. त्या निवृत्त झाल्या. मावशी गेली, झोपेत, आपल्या घरी. बाई तिच्याजवळ होत्या. त्यानंतर मोतीलालच्या चाळीतल्या बायकांना त्या आठवड्यातून तीन दिवस लिहायला-वाचायला शिकवायला जाऊ लागल्या. 'पहिलं अक्षर आपल्या आईच्या नावाचं काढायचं असा नियम केला आहे,' त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं. मग पत्रं कमी झाली. माझं लिहिणंही कमी झालं, ते मुलांच्या नादात होतंच.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी कधीतरी मी पलसाण्याला नणंदेकडे निघाले होते. बसमध्ये गर्दी होती. गोडादऱ्याच्या फाट्याजवळ बस थांबली, कारण रस्त्यावर वरात होती. वाजंत्री, ताशे, पुढे नाचणाऱ्या बायका आणि मुली, हातमागाच्या लुगड्यांपासून नव्या नायलॉनच्या साड्यांपर्यंत सगळं. कंडक्टर खाली उतरून ओरडत होता, पण कोणी ऐकत नव्हतं. नवरदेवाच्या घोड्यामागे मोतीलाल दिसला, आता जरा पोट सुटलेला, डोक्याला फेटा. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न ठरतंय असं बाईंनी शेवटच्या पत्रात कळवलं होतं ते आठवलं. हे तेच लग्न असावं.

आणि मग ताशावाल्यांच्या अगदी जवळ, बायकांच्या घोळक्याच्या मधोमध, नेरकरबाई दिसल्या. केस पूर्ण पांढरे. पदर कमरेला खोचलेला. चष्मा काढून कोणाकडे तरी दिलेला. दोन्ही हात वर करून त्या नाचत होत्या. नाचणं म्हणावं असं काही नव्हतं, नुसतं उड्या मारणं होतं, पण त्यांचा जोर जराही कमी नव्हता. एक तरुण मुलगी त्यांना आवरत होती आणि त्या तिलाच ओढून नाचायला लावत होत्या.

मी खिडकीतून हाक मारली. ताशांत ती बुडून गेली. बस हळूहळू बाजूने पुढे सरकू लागली. त्यांनी वर पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना मी, किंवा बसमधलं कोणीच, ओळखू येणं शक्य नव्हतं. मी हात हलवला. त्यांनीही हलवला, खूप वेळ, जोरात, बसमधल्या सगळ्यांनाच.